काचेवरचं पाणी

१

सकाळी उठलं की चूळ भरायच्याही आधी काचा पुसायच्या, असा स्नेहलने नियमच करून टाकला होता. गाडीला दोन्ही बाजूंच्या मिळून आठ खिडक्या. जुन्या धोतराचं फडकं घ्यायचं, काच वरून खाली पुसत यायची, फडकं पातेल्यात पिळायचं आणि पुढच्या काचेकडे वळायचं. आठही काचा झाल्या की पातेल्यातलं पाणी कॉलेजातून मागून आणलेल्या मोजनळीत ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दोनशे चाळीस मिली. दुसऱ्या दिवशी दोनशे पस्तीस. तिसऱ्या दिवशी परत दोनशे चाळीस.

"हे माझ्या श्वासातलं पाणी," तिने ड्रायव्हर हिरामणला समजावून सांगितलं होतं. "झोपेत आपण वाफ सोडतो. गार काच लागली की तिचं पाणी होतं. न पुसता ठेवलं तर ते पुस्तकांत शिरतं आणि बुरशी धरते."

हिरामण चांदवडकडचा, चाळिशीचा गडी. त्याने मोजनळी उजेडात धरून नीट निरखली. "म्हंजे ताई, रातभरात तुम्ही पाव लिटर उडवता. माझी बायको झोपेत बोलती पण. तिचं लिटरभर भरंल."

गाडी मुळात सहलीची. आत झोपायच्या चार फळ्या, हात धुवायचं भांडं, छोटं कपाट. सहली काढणारा धंदा बंद करून गेला आणि गाडी मनमाडजवळच्या एका शेडमध्ये दोन पावसाळे नुसती उभी राहिली. नाशिकच्या संस्थेने ती स्वस्तात घेतली, खालच्या दोन फळ्यांच्या जागी रॅक ठोकले आणि अकराशे पुस्तकं भरून फिरतं वाचनालय केलं. वरच्या दोन फळ्यांपैकी एकीवर स्नेहल झोपायची. समोरची रिकामी असायची. गाडी हरसूलकडच्या ज्या पाड्यात उभी होती, तिथल्या दुकानदार मोतीरामच्या पडवीत हिरामण झोपायचा.

पावसाळ्यात गाडी नाशिकला परत न्यायची, असं संस्थेत ठरलं होतं. स्नेहल त्या बैठकीत उभं राहून भांडली. दिवाळी झाली की हरसूलकडची माणसं मुलाबाळांसकट द्राक्षबागांवर नाहीतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलं घरी सापडतात ती याच चार महिन्यांत. तेव्हाच गाडी परत न्यायची, तर मुलांनी वाचायचं कधी? संस्थेच्या चिटणीस साधनाताई शांतपणे ऐकून घेत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "महिनाभर ठेव. महिन्याने मी स्वतः येऊन बघते. पुस्तकांना बुरशी दिसली, तर गाडी परत आणि योजनाही बंद. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

म्हणून ओल शोषायला चुनकळीच्या थाळ्या मांडलेल्या. म्हणून मडक्यांत कोळसा, रॅकमागे कडुनिंबाचा पाला, पुस्तकं आणि पत्रा यांच्यात चार बोटं जागा. स्वयंपाक बाहेर, ओले कपडे बाहेर. स्नेहल तेवीस वर्षांची होती, रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि मोजता येणारी गोष्ट आटोक्यात आणता येते यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

२

महिन्यातले अकरा दिवस गेले आणि बाराव्या सकाळी नळी एकदा भरली आणि दुसऱ्यांदाही जवळजवळ काठापर्यंत आली. चारशे ऐंशी.

तिने पुन्हा मोजलं. चारशे ऐंशीच.

बाहेर रिमझिम होती. आवणीचे, भातलावणीचे दिवस. समोरच्या खाचरांत माणसं पानांची इरली पांघरून वाकलेली, लांबून पाहिलं तर चिखलातून कासवं सरकत असल्यासारखी दिसत. गाडी उभी होती नवसाबाईच्या अंगणात, जांभळाखाली. पाऊस थांबला तरी जांभूळ टपावर थेंब टाकत राहायचं आणि त्या आवाजाने स्नेहलला दिवसाही झोप आल्यासारखं व्हायचं.

"गळतंय कुठंतरी," ती म्हणाली.

हिरामण टपावर चढला, ताडपत्री उचलून बघितली, उतरला. "गळत नाय. मी स्वतः सांध्यांत लांबी भरलीय, चहाचा कपसुद्धा इतका पक्का नसतो."

स्नेहलचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी तिने सगळ्या सांध्यांवर, खिडक्यांच्या कडांना, टप जिथे भिंतीला मिळतो तिथे खालून खडूची बारीक रेघ ओढली. पाण्याचा एक थेंब जरी उतरला असता तरी रेघ मोडली असती.

सकाळी रेघा जशाच्या तशा होत्या. पाणी चारशे ऐंशी.

तिसऱ्या दिवशीही तेवढंच. तिला त्या आकड्याच्या नेटकेपणाचा राग यायला लागला. गळती असती तर पावसाप्रमाणे कमीजास्त झाली असती. हे पावसाला विचारत नव्हतं. चौथ्या दिवशी वरच्या रांगेतल्या चौदा पुस्तकांच्या पाठींवर राखाडी लव दिसली. बोट फिरवलं तर मऊ, सशाच्या कानासारखी. तिने चौदाही पुस्तकं पुसली, चुलीजवळ वाळवायला नवसाबाईकडे दिली आणि वहीत दिवस मोजले. साधनाताई यायला पंधरा दिवस उरले होते.

३

कागद स्वतःत पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, हे तिला त्यानंतरच्या तिसऱ्या दुपारी सुचलं आणि तिला एकदम हायसं वाटलं. अकराशे पुस्तकं दोन वर्षं कुठल्या गोदामात होती देव जाणे. ती आता श्वास सोडताहेत, इतकंच.

हे सिद्ध करायचं तर स्वतः गाडीत नसायला हवं. त्या रात्री ती गाडीला कुलूप लावून नवसाबाईच्या घरी झोपली. नवसाबाई साठीच्या आतबाहेरची, कोरडी, चिवट बाई. तिने कुडाजवळ घोंगडी अंथरून दिली. चूल रात्रभर धुमसत होती. स्नेहलने गावच्या बैठकीत दोनदा या धुराविरुद्ध भाषण केलं होतं, डोळे आणि छाती कशी जाते ते सांगितलं होतं. आता मात्र त्या उबेत तिला अशी झोप लागली की सकाळी आपण कुठे आहोत हे कळायला वेळ लागला.

उजाडल्यावर तिने गाडीचं कुलूप उघडलं. काचा पांढऱ्या झाल्या होत्या. तिने त्या पुसल्या, फडकं पिळलं, मोजलं.

दोनशे चाळीस.

ती पायरीवर बसली. कागदातून पाणी येत असेल तर ते रोज बरोबर तिच्या एकटीच्या श्वासाइतकंच कसं येईल? योगायोग असेल. योगायोग असतात. तिने उठून मोतीरामच्या दुकानात पाच पुस्तकं तोलली, दोन दिवसांनी पुन्हा तोलली. वजन तसूभर हललं नव्हतं. कागदातून काहीच बाहेर पडत नव्हतं.

परत येऊन तिने समोरची रिकामी फळी पहिल्यांदा नीट पाहिली. एरवी तिकडे नजर जायची ती नुसती ओलांडून जायला. खिडकीतून पावसाळी, दुधट उजेड येत होता. फळीच्या लाकडावर बुरशी आली होती, काळपट हिरवी, मखमलीसारखी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधला भाग तेवढा स्वच्छ होता. लाकूड नवं असल्यासारखं पिवळं आणि कोरडं.

उभ्या गाडीखाली जमीन कोरडी राहते, तसं.

स्वच्छ भाग लांबट होता. वर थोडा रुंद, मग निमुळता, मग कडेला वळलेला. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. फार मोठ्या माणसाएवढा नव्हे.

स्नेहलने ओल्या फडक्याने ती सगळी फळी घासून काढली, कडेपासून कडेपर्यंत. घासताना तिच्या मनात आलं की आपण एखाद्याचं अंथरूण काढतोय. तिला स्वतःचाच राग आला. गेल्याच महिन्यात तिने याच अंगणात मुलांना सांगितलं होतं, की अंधारात काही नसतं, असते ती आपली भीती.

४

आठ दिवस उरले तेव्हा लव लागलेली पुस्तकं साठावर गेली होती.

वाळवायला दिलेली चौदा पुस्तकं नवसाबाईने माळ्यावरून खाली काढून दिली. स्नेहलने ती उघडून पाहिली. पानं कडक, कोरडी, कडांना किंचित धुराचा वास. बुरशीचा डागही नाही. तिने मान वर करून पाहिलं. चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा होता, काजळीने काळा कुळकुळीत. तिथे नागलीचं बियाणं, दोरखंड, टोपल्या. बाहेर महिनाभर आभाळ फाटलेलं आणि इथे सगळं खडखडीत.

"मावशी, तुमच्याकडे बुरशी येतच नाही?"

"धूर हाय ना." नवसाबाईने लाकूड पुढे सारलं. "आवणी लागली की चूल इझवायची नाय. पावसाच्या आधी, आगोटला लाकडं भरून ठेवायची ती त्याच्यासाठी. तुझ्या गाडीत चूल नाय, माणूस नाय. ती ओलीच राहणार."

"मी आहे की."

"तू एकली." नवसाबाई तिच्याकडे पाहत होती. "तू धुराला शिव्या दिल्या होत्या."

"दिल्या होत्या," स्नेहल म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. तिच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं होतं. पाड्यात चाळीस घरं. चाळीस चुली, चाळीस माळे. गाडीतली पुस्तकं पाड्यात वाटून टाकायची, प्रत्येक घरी पंचवीस-तीस. पावसाळाभर तीच घरं वाचनालय होतील. मुलांना गाडीपर्यंत यायलाही नको. संस्थेत कोणाला आजवर हे सुचलं कसं नाही?

"ठेवाल?"

"बियाणं ठेवतो तर पुस्तकाला काय हाय," नवसाबाई म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी पाड्यातली झाडून सगळी बायामाणसं आली. पुस्तकं पळसाच्या पानांत बांधलेली, डोक्यावर इरलं, इरल्याखाली पुस्तकं. धुक्यातून एकामागून एक ती बांधांवरून आपापल्या घराकडे गेली. आवाज कुणाचाच नव्हता, चिखलात पाय रुतल्याचा तेवढा. स्नेहल गाडीच्या दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं हे आपण कधीतरी स्वप्नात पाहिलंय आणि त्यात शेवटी काहीतरी होतं, ते आता आठवत नाही.

"सखुबाई, इतिहास तुमच्याकडं, भूगोल शेजारी," हिरामण ओरडत होता. "भांडणं नका लावू दोघांत."

सखुबाई शेजारच्याच घरातली, थट्टेला कधी मागे न राहणारी. "इतिहास खातो का काय रे? मग आधी सांग, दळण वाढवायला."

संध्याकाळी गाडी रिकामी झाली. रॅकच्या फळ्या नागड्या दिसत होत्या. स्नेहल पाय पसरून झोपली. आवाज केला की घुमायचा.

सकाळी तिने काचा पुसल्या. दोनशे चाळीस.

एकटीचं. फक्त तिचं स्वतःचं. तिला इतका आनंद झाला की ते पाणी तिने फेकून न देता जांभळाच्या बुंध्याशी नीट ओतलं. बघ, पुस्तकंच होती, तिने स्वतःला सांगितलं. वजनात काहीतरी चूक झाली असेल, मोतीरामचा काटा कधी बरोबर होता? समोरची फळी तिने पाहिली. ती सबंध कोरडी होती आणि तिच्यावर कसलाही आकार नव्हता.

पुढचे सहा दिवस आकडा हलला नाही. ती घरोघर जाऊन मुलांना वाचायला बसवत होती. एक गोष्ट फक्त तिच्या लक्षात आली. पाड्यावरचा धूर वाढला होता. आधी तो दुपारी विरळ व्हायचा. आता सगळ्या छपरांतून दिवसभर दाट निघत होता आणि खाली बसत होता. बायका भर पावसात मोळ्या आणताना दिसत.

"या सालाला लाकडं लौकर सरली," सखुबाई तिला बांधावर म्हणाली. थट्टा न करता. "किती जाळा, घर तापत नाय."

६

साधनाताई शुक्रवारी अकरा वाजता आल्या, जीपमधून, साडीचा काठ चिखलाने माखलेला. रिकामी गाडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग स्नेहलने त्यांना घराघरांतून नेलं. पाच घरं झाली, सात झाली. कुठेही एका पानाला ओल नव्हती. सखुबाईच्या पोरीने धडा घडाघडा वाचून दाखवला.  साधनाताईंचे डोळे भरले होते, धुराने किंवा कशाने.

शेवटी त्या नवसाबाईच्या घरी टेकल्या. घरात नवसाबाई एकटीच चुलीपाशी होती. मुलगा, सून, दोन्ही नातवंडं समोरच्या खाचरात लावणी करत होती, दारातून चौघंही दिसत होती.

"एखादं पुस्तक दाखव ना वरचं," साधनाताई म्हणाल्या. "मला शिडी चढवत नाही गुडघ्यामुळे."

स्नेहल शिडी चढली. माळ्यावर अंधुक उजेड होता, कौलांतून झिरपणारा. पुस्तकं ओळीने उभी होती, तिने लावली तशी. पलीकडे नागलीची कणगी. कणगी आणि पुस्तकं यांच्या मधे, बांबूंवर वर्षानुवर्षं साचलेली काजळी पुसली गेली होती. लांबट जागा, वर रुंद, मग निमुळती, मग वळलेली. बांबू तिथे सोनेरी दिसत होते. त्याच्या कडेला ओळीतलं एक पुस्तक पडलं होतं, उघडं, पालथं, वाचता वाचता कुणीतरी ठेवावं तसं.

तिने त्या पुस्तकाकडे हात नेला. मनगटाला ऊब लागली. चुलीची ऊब खालून येते. ही कणगीच्या मागून येत होती, ओलसर, आणि येऊन थांबत होती. पुन्हा येत होती.

तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

ती काहीही न दिसता, पायांनी एकेक पायरी चाचपत खाली उतरली. हातात ओळीतलं पहिलंच पुस्तक होतं. ते तिने साधनाताईंना दिलं आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

"धुराने?" साधनाताईंनी विचारलं.

"हो. धुराने."

साधनाताईंनी पान उघडून नाकाशी धरलं. "कोरडं ठणठणीत." मग त्या जरा पुढे सरकल्या. "स्नेहल, मी चुकले होते. पेठ-सुरगाण्याची बारा गावं आहेत माझ्या मनात. पुस्तकं गोदामात पडून आहेत. तुझ्याच या अकराशे पुस्तकांतली थोडी थोडी प्रत्येक गावात पाठवू सुरुवातीला, लगेच, पुढच्याच आठवड्यात. त्या घरांच्या माळ्यांवर. मला फक्त तू सांग, नक्की चालेल ना हे? काही अडचण असेल तर आत्ता बोल."

हेच तिला हवं होतं. कॉलेजात असल्यापासून हेच. नाही म्हणायचं तर कारण सांगायला लागणार, आणि त्या कारणाला जो शब्द होता तो तिने याच घरासमोर, मुलांपुढे, हसून उडवून लावला होता. तिने नवसाबाईकडे पाहिलं. नवसाबाई फुंकणी बाजूला ठेवून तिच्याचकडे पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती.

चुलीत वरून एक थेंब पडला. निखारा चुर्र वाजला.

"गळतंय वाटतं," साधनाताई म्हणाल्या.

"गळत नाय," नवसाबाई म्हणाली.

"चालेल," स्नेहल म्हणाली. "काही अडचण नाही."

नवसाबाईने मान वळवली आणि आणखी दोन लाकडं चुलीत सारली. "मंग त्यांना लाकडाचं सांगून ठेव, पोरी. लय लागतील."

साधनाताई पिशवीतून कागद काढत होत्या, गावांची नावं, तारखा. घर शांत होतं. बाहेर पाऊसही थांबला होता. त्या शांततेत वर, माळ्यावर, कागदाचा हलका आवाज झाला. एक पान उलटलं गेलं. थोड्या वेळाने दुसरं.

साधनाताईंनी हसून वर पाहिलं. "कोण आहे वर?"

"वाचतंय कोणतरी," नवसाबाई म्हणाली.

"बघ," साधनाताई स्नेहलच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, आवाजाने वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. "यासाठीच तर सगळं."

दारातून खाचरात चौघं वाकलेली दिसत होती. स्नेहलने आपला श्वास धरून ठेवला, ऐकायला. वरचा चालूच राहिला.